न केलेल्या चोरीचा माफीनामा

"पर्स उलटी कर."

मॅनेजर एवढंच म्हणाला. पंपाच्या मागे त्याची काचेची केबिन आहे. आत तो होता, समोरच्या खुर्च्यांवर एक साहेब आणि त्यांची बायको. मी उभी होते.

मी पर्स उलटी केली. डबा पडला. कंगवा, रुमाल, कॉलेजचं आयकार्ड, पेपरात गुंडाळलेलं पॅड. पॅड घसरत साहेबांच्या कोपराजवळ गेलं. त्यांनी हात मागे घेतला. मी उचलायला वाकले तर मॅनेजर म्हणाला, "राहू दे. कशाला हात लावू नको."

साहेबांनी आयकार्ड उचललं. डोळ्यांजवळ धरलं. माझं आडनाव मोठ्याने वाचलं. मग बायकोकडे बघून म्हणाले, "वाटलंच मला."

काय वाटलं होतं ते सांगितलं नाही. गरज नव्हती. बायकोला कळलं. मॅनेजरला कळलं. मला तर शाळेपासून कळतंय.

मी सानपाड्याजवळच्या पेट्रोल पंपावर काम करत होते. सकाळी सहा ते दोन. बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू आहे, कॉलेजला जमेल तसं जाते. आमचं गाव हिंगोलीकडचं. बाबा तळोज्याला केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडे. घणसोली गावात भाड्याची खोली आहे.

पंपावर गाडी येते. काच चार बोटं खाली होते. त्या फटीतून कार्ड बाहेर येतं, दोन बोटांत धरलेलं. "फुल कर. पिन टाक," आणि चार आकडे. मोठ्याने. शेजारच्या स्कूटरवाल्यालाही ऐकू जातील असे. पहिल्या महिन्यात मला नवल वाटायचं. आमची आई तिच्या कार्डाचा पिन मला कानात सांगते, तेही दार लावून. हे लोक भर पंपावर ओरडून सांगतात. मला वाटायचं, किती विश्वास ठेवतात. मग कळलं, विश्वास कसला. काचेच्या बाहेर कुणी माणूस उभं आहे, हेच त्यांच्या ध्यानात नसतं.

मी आकडे दाबायचे आणि तिथेच विसरायचे. खरंच विसरायचे. ती सवय मी मुद्दाम लावून घेतली होती.

या साहेबांनी गुरुवारी पेट्रोल भरलं होतं. शुक्रवारी त्यांच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी ऑनलाइन खरेदी केली. एकदा नाही, तीनदा. शनिवारी ते पंपावर आले.

"पिन हिलाच माहीत होता," ते म्हणाले.

"सर, कॅमेरा बघा," मी मॅनेजरला म्हणाले.

"त्या बाजूचा बंद आहे."

दोन महिने बंद होता. पण त्या दिवशी तोही माझ्यावरच ढकलला गेला. "कॅमेरा बंद आहे हे हिला बरोब्बर माहीत," साहेबांची बायको म्हणाली.

मग मॅनेजरने सुमनताईला बोलावलं. सुमनताई पंपावरच्या आम्हा पोरींत सगळ्यात जुनी. घणसोलीचीच, तिथल्या जुन्या आगरी घरातली. तिने मला लेडीज बाथरूममध्ये नेऊन झडती घ्यायची, असं ठरलं. साहेबांची बायको दाराबाहेर उभी राहिली. दार पूर्ण लावायचं नाही म्हणाली.

"हात वर कर गो," सुमनताई हळू म्हणाली. "लवकर होऊं दे."

युनिफॉर्मचा शर्ट काढायला लावला. सलवारीची नाडी सैल केली. बूट काढले. शेवटी बाहेरून आवाज आला, "केस बघा केस." सुमनताईने माझा अंबाडा सोडला. केसांतून बोटं फिरवली. मी समोरच्या फरशा मोजत होते. बाराच्या पुढे मोजता येईना.

कार्ड साहेबांच्याच पाकिटात होतं. चोरी इंटरनेटवर झाली होती. मग माझ्या केसांत काय शोधत होते?

हे मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचतं. रोज सुचतं.

काही मिळालं नाही. मग तर साहेब जास्तच चिडले. पोलिसांना बोलावतो म्हणाले. मॅनेजरने त्यांना पाणी दिलं. मला कागद आणि पेन दिलं.

"लिही. साहेब मोठ्या मनाचे आहेत. लिहून दे आणि विषय संपव. नोकरीही राहील."

त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. "माझ्याकडून चूक झाली आहे. पुन्हा अशी चूक होणार नाही. मी गरीब घरची असून माझ्यावर पोलीस कारवाई करू नये ही नम्र विनंती."

मी लिहिलं. मी चोरी केली नव्हती आणि मी लिहिलं. शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस होतं मला. तेच अक्षर. एक वेलांटी चुकली नाही. खाली सही केली, तारीख घातली. तारीख घालायला मॅनेजरने सांगितलं नव्हतं. ती मी आपणहून घातली.

साहेबांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला.

केबिनमधली माणसं मला कधी ना कधी भेटणारच होती. अशी माणसं लहानपणापासून भेटत आलीत. पण त्या कागदावरची मुलगी? ती मला आधी माहीत नव्हती. तिची लाज मला सगळ्यात जास्त वाटली.

घरी मी काही बोलले नाही. आईने ताट वाढलं.

"जेवत काहून नाहीस? अंग दुखतंय का?"

"डबा उशिरा खाल्ला."

आईने माझ्या केसांना तेल लावायला घेतलं तर मी तिचा हात झटकला. तिने बाटलीचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं.

पंपावर मला हवेवर टाकलं. म्हणजे टायरमध्ये हवा भरायची. कार्डाच्या मशीनला हात लावायचा नाही, पेट्रोलच्या बाजूला यायचं नाही. पोरी आपापले मोबाइल चार्जिंगला लावायच्या, मी आत गेले की एखादी उठून आपला उचलून घ्यायची. मी पंधरा दिवस वाकून टायरवर काम केलं. वाकलं की तोंड दिसत नाही. बरं वाटायचं.

मग एक दिवस दुपारी पोलीस स्टेशनमधून एक कॉन्स्टेबल मॅडम आल्या. साहेबांनी बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली होती, त्यात पंपाचं नाव होतं. मॅनेजर बँकेत गेला होता. मॅडम माझ्याशीच बोलल्या. हवेच्या मशीनशेजारी, स्टुलावर बसून.

"तू त्यांचा पिन टाकलास?"

"हो. त्यांनीच सांगितला."

"कार्डाच्या मागचा नंबर बघितलास? फोटो काढलास?"

"नाही मॅडम."

"त्यांच्या फोनवरचा ओटीपी तुला कसा कळणार मग?"

मॅडमनी वही मांडीवर ठेवली.

"अगं, ऑनलाइन खरेदीला पिन लागतच नाही. कार्डाचा नंबर लागतो, मागचे तीन आकडे लागतात आणि फोनवर आलेला ओटीपी. तीनही वेळा ओटीपी त्यांच्याच फोनवर गेलाय. शुक्रवारी सकाळी त्यांना एक फोन आला होता. कार्डाचे पॉइंट आज संपतायत, लिंक पाठवतो, कार्डाची माहिती भरा. यांनी भरलं. ओटीपी पण स्वतः वाचून दाखवला. काल कबूल केलं आमच्याकडे. बायकोला सांगू नका म्हणत होते."

तेव्हा मला कळलं. शनिवारी केबिनमध्ये बसले होते तेव्हाही त्यांना हे माहीत होतं. फोनवर ओटीपी कुणी सांगितला, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शिकलेला, मोठ्या पगाराचा माणूस एका फोनला फसला, याची त्यांना लाज वाटत होती. बायकोसमोर ती लाज घेऊन बसवेना. कुणावर तरी टाकायची होती. आयकार्ड वाचलं आणि त्यांना माणूस सापडलं.

त्या क्षणापासून मी त्याला साहेब म्हणत नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "मी माफीनामा लिहून दिलाय."

त्यांचं पेन थांबलं. "का लिहिलास?"

मी हवेचा पाइप गुंडाळायला घेतला. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "असं काही झालं ना, पहिलं काम कार्ड बंद करायचं. मग लगेच बँकेला आणि सायबरला कळवायचं. जितकं लवकर तितकं बरं. हे पहिला दिवस बायकोपासून लपवण्यात घालवून बसले."

मॅनेजर बँकेतून आल्यावर मी त्याला मॅडमचं बोलणं सांगितलं आणि माझा कागद परत मागवा म्हणाले.

"तो त्यांच्याकडे आहे. आता जाऊ दे ना. तुझं नाव तर क्लिअर झालं."

"कुणासमोर क्लिअर झालं, सर?"

तो मोबाइल बघायला लागला.

आठवड्याने ती गाडी पुन्हा आली. मी टायरवर वाकले होते. गाडी पेट्रोलपाशी थांबली. काच चार बोटं खाली. दोन बोटं, कार्ड. नवीन कार्ड, नवीन चार आकडे. तसेच मोठ्याने.

मी हवेचा पाइप खाली टाकला. सुमनताई कार्ड घ्यायला हात पुढे करत होती. मी तिचा हात धरला.

"सर, खाली उतरा. पिन तुम्ही टाका."

"काय?"

"आम्ही कुणाचा पिन टाकत नाही. उतरा आणि स्वतः टाका."

तो माझ्याकडे बघत होता. सरळ तोंडाकडे. आणि त्याने मला ओळखलं नाही. ज्या मुलीचे केस सोडायला लावले, ती याला आठवतही नव्हती.

"मॅनेजर कुठेय तुमचा?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. आणखी एकाने दिला. बायको शेजारी बसली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "अहो, तीच मुलगी."

मग तो उतरला. मी मशीन त्याच्यासमोर धरलं.

"दुसऱ्या हाताने झाका. मला दिसता कामा नये."

त्याने झाकलं. पिन टाकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला. मी तोंड फिरवून उभी होते. स्लिप फाडून दिली.

"ते गैरसमजातून झालं," तो हळू म्हणाला. पाकिटातून पाचशेची नोट काढली. "हे ठेव. राग मानू नकोस."

"माझा कागद द्या."

"कुठला कागद?"

"माफीनामा. तो द्या. आणि तुम्ही एक लिहून द्या. इथेच, सगळ्यांसमोर. ओटीपी मी सांगितला, या मुलीने काही केलं नाही, असं लिहा."

त्याचा चेहरा बदलला. बायकोने झटकन त्याच्याकडे बघितलं. तिला हे आत्ता कळत होतं. तो गाडीत बसला, काच पूर्ण वर केली आणि गेला. नोट खाली पडली होती. मी उचलली नाही. कुणी उचलली माहीत नाही.

दोन वाजता मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. झडतीसुद्धा. आई रडली नाही. बाबांनी एकच विचारलं, "सही केलीस?" मी हो म्हणाले. ते उठून दारात जाऊन उभे राहिले, पाठ करून. त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे काही नाही. असं आमच्याकडे होत नाही.

शेजारच्या काकू भाजी निवडत हे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "माझ्याकडनंपण पैसे गेलेत गं. चार महिने झाले. केवायसी म्हणून फोन आला, मी नंबर वाचून दाखवला. पोराला काय सांगू? मूर्ख म्हणेल." मी त्यांना घेऊन बँकेत गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, एवढे दिवस काय करत होता?" काकूंनी मान खाली घातली. मी म्हणाले, "घाबरल्या होत्या. तुम्ही तक्रार लिहून घ्या." त्याने घेतली. पैसे परत येतील असं काही तो म्हणाला नाही. येणारही नाहीत बहुतेक.

काकू चार महिने गप्प बसल्या. मी तीन आठवडे. फसवणारे या गप्प बसण्यावरच जगतात. आणि तो माणूसही.

सोमवारी मी पोलीस स्टेशनला माझा अर्ज दिला. स्वतः लिहिला, कुणी सांगितलं नाही. झडती कुणी घेतली, कुणाच्या सांगण्यावरून घेतली, आडनाव कसं वाचलं, काय म्हणाले, सगळं.

ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. "जातीवरून नेमकं काय बोलले?"

"आडनाव वाचलं आणि 'वाटलंच मला' म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी सुस्कारा सोडला. "यात काय सिद्ध होणार, पोरी? कार्डाचं तर मिटलंय."

"माझं मिटलेलं नाही."

शिक्का मारून एक प्रत मला मिळाली.

काल मॅनेजरचा फोन आला. अर्ज मागे घे, परत कामावर ये, हवेवर नाही, मशीनवर. पगारही थोडा वाढवू. घरी भाडं थकायची वेळ आलीय हे त्याला ठाऊक आहे. मी नाही म्हणाले. मीही सुमनताईला फोन केला होता. साक्ष देशील का विचारलं. ती म्हणाली, "मनाही घर हाय गो." तिलाही घर चालवायचंय. मी तिला दोष देत नाही. मीही एकदा अशीच सही केली होती.

मंगळवारी मला आणि त्या गाडीवाल्याला पोलीस स्टेशनला बोलावलंय. तो वकील आणेल. माझा कागद टेबलावर ठेवेल आणि विचारतील, काही केलं नव्हतंस तर लिहून का दिलंस?

भ्याले म्हणून दिलं. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. ते चार लोकांत बोलताना मला लाज वाटणार आहे. आत्ता लिहितानाही वाटतेय. वाटू दे. कुणी बरोबर आलं नाही तरी मी जाणार. तडजोड कर म्हणतील. करणार नाही. अर्ज मागे घेणार नाही.