चुन्याचे बूट

जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही, आणि हळू बोलायची मला सवय नाही. आजवर मी हजारो गोष्टी सांगितल्या असतील. ही एक सोडून. बायकोला सांगितली नाही, पोरांना नाही, देवीपुढं हात जोडून उभा असतानासुद्धा ओठ हलले नाहीत. एकदा सांगायला गेलो होतो — पण त्याचं काय झालं ते पुढं येईल.

आमच्या गावात मला कोण ओळखत नव्हतं? कारंज्यापासून सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोचावं एवढंच लांब ते गाव, पण माझं नाव पार मालेगावच्या बाजारापर्यंत गेलेलं. आमचा माळ्याचा मळा. त्या मळ्यात एकदा असा मुळा लागला, की उपटायला बैलजोडी जुंपावी लागली. मुळा निघाला आणि त्या भोकातून पाणी उसळलं — तीच आमची विहीर. कारंज्याच्या छोट्या आगगाडीशी मी पैज लावून पळालो, पुढच्या ठेसनावर चहा प्यालो, एक डुलकी काढली, तरी गाडी यायचीच होती. ही दुसरी गोष्ट मात्र जवळजवळ खरी आहे, त्या गाडीत बसलेला कोणीही सांगेल.

लोक संध्याकाळी पारावर जमायचे आणि म्हणायचे, "संपत, टाक बे एखादी." मी टाकायचो. कोणी विश्वास ठेवायचं नाही, सगळे पोट धरून हसायचे. त्यात वाईट काय होतं? ज्या थापेवर कोणी विश्वास ठेवत नाही, ती कोणाला लागत नाही. असं मला वाटायचं.

तर गुणाजीबुवा. पहिल्या मोठ्या लढाईत हा माणूस बसऱ्याला जाऊन आला होता. आमच्या अख्ख्या गावात समुद्र पाहिलेला एकटाच. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ! मग त्याची लढाई कोणी सांगायची? मीच सांगायचो, तो समोर बसलेला असताना. बसऱ्याचे उंट, तिथली वाळू, तोफेचा गोळा यानं कसा झेलून परत फेकला. बुवा मिशी चोळत ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला होता, "दोन पायावर चालणारा उंट मले नाही दिसला बा तिथं."

त्या लढाईतून त्यानं एक लंगडा पाय आणला आणि बुटांचा एक जोड. काळे, जाड चामड्याचे, तळाला खिळे, टाचेला नाल. वर्षभर ते फडक्यात बांधून खुंटीला टांगलेले असत. जवसाचं तेल तो स्वतःच्या हातानं लावायचा, पोराला हात लावू देत नसे. आणि दसऱ्याच्या दिवशी, वर्षातून एकदाच, ते पायात चढायचे. सोनं लुटायला गाव शिवेकडं निघालं की सगळ्यांच्या पुढं गुणाजीबुवा. खाट् खाट् खाट्. लंगडा माणूस त्या बुटांत लंगडत नसे — ही थाप नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. त्या एका दिवसासाठी तो बाकीचं वर्ष काढायचा, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

आता नाटक. हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी कारंज्याला एक नाटक मंडळी आली होती. तिच्यातल्या राजपुत्राच्या पायात पांढरेशुभ्र बूट! आम्ही गावातले दहा-बाराजण पाहायला गेलो होतो, परत येताना वाटेनं दुसऱ्या कशाबद्दल कोणी बोललं नाही. मग ठरलं, नवरात्रात आपणही नाटक करायचं. राजपुत्र अर्थात मी. आणि पारावर बसून मी बोलून गेलो, की पांढरे बूट मुंबईहून मागवलेत, पार्सल निघालंय.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. पण ह्या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते बूट हवे होते ना! "संपत, आलं का बे पार्सल?" येता-जाता विचारायला लागले. माळा सुरू झाल्या, तरी पार्सल यायचंच होतं.

गुणाजीबुवा त्या दिवसांत लेकीकडं मंगरूळला गेला होता. घरात मुलगा बळीराम आणि सून सायत्री. ही सायत्री माझ्या आईच्या गावची. लग्नात तिच्या भावानं तिचा हात माझ्या हातात देऊन म्हटलं होतं, "संपतदादा, तिथं तुमीच तिचं माहेर." दिवाळीला ती मला ओवाळायची. मी ओवाळणीत भोपळे, वांगी घालायचो आणि म्हणायचो, ह्यातलं एक वांगं सोन्याचं आहे, कापून पाहा. ती खरंच सगळी कापून पाहायची, आणि मग हसायची.

तिच्याकडं मी ते बूट मागितले.

ती घाबरली. "मामाजी माह्या जीव घेतीन, दादा." मी म्हटलं, सातव्या माळेला नाटक, आठव्याला बूट खुंटीवर, बुवा येणार दसऱ्याच्या आदल्या दिवशी. कोणाला कळतंय? तिनं बराच वेळ पदराचं टोक चावलं. मग फडक्यात बांधलेले बूट मागच्या दारानं माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "पांढरी मातीच लावजा, दादा. धुतली का निंगून जाते."

पांढरी मातीच. एवढं एकच सांगितलं होतं तिनं.

मी माती लावली. वाळल्यावर बूट दिसले राखेत लोळलेल्या गाढवाच्या खुरांसारखे. हे मुंबईचं पार्सल? आमच्याकडं पांढरं करायचं म्हटलं की आम्हाला एकच वस्तू ठाऊक — चुना. घराला चुना, तुळशीच्या ओट्याला चुना, बैलगाडीच्या चाकाला चुना. कळीचा चुना भिजवला, चटका बसेल असा ताजा. त्यात डिंक घातला, चिमूटभर नीळ घातली आणि कुंच्यानं हात मारला. एक, दोन, तीन. काय सांगू! बगळा लाजावा असे दिसले. मी ते उन्हात ठेवले आणि त्यांच्यापुढं राजपुत्राचं भाषण म्हणून पाहिलं.

भिंतीला चुना चालतो. चामड्याला तो खातो. हे मला माहीत नव्हतं — पण माहीत नव्हतं म्हणून काय झालं? मला माती लाव म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर बूट पापडासारखे कडक. वाकवायला गेलो तर घोट्याजवळ चामडं चिरलं. पुढचं टोक वर वळलेलं. घाबरून धुतले, तर भेगांतून पांढरं पाणी आणि चामड्याचा भुगा. तेल ओतलं, तर डाग पडले, कोडासारखे. मी मळ्यात बसलो होतो, बूट मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात एकही गोष्ट नव्हती.

तेवढ्यात वाटेवरून कोणीतरी ओरडून गेलं, की गुणाजीबुवा परतला, शिवेवर उतरलाय. तीन दिवस आधीच.

मी पळालो. त्याच्या घराच्या मागच्या दारानं आत शिरलो. सायत्री पाण्याला गेलेली. दसऱ्यासाठी तिनं भिंतींना चुना देणं काढलं होतं, अर्धी भिंत झालेली, कोपऱ्यात बादली आणि कुंचा. खुंटीवर ते बूट टांगून भागणार होतं का? मी बादलीकडं पाहिलं. बुटांकडं पाहिलं. आणि मग — हे मी अजून कोणापुढं उच्चारलेलं नाही — मी बूट बादलीजवळ टाकले, बादली त्यांच्यावर आडवी केली आणि जमिनीवर चार शिंतोडे उडवले. नीट, पाहणाऱ्याला पटतील असे. मला गोष्ट रचता येते ना? तशी रचली.

बाहेर पडायच्या आत बुवा दारात. मागून डोक्यावर हंडा घेतलेली सायत्री. बळीरामही गोठ्यातून आला.

बुवा ओरडला नाही. खाली बसला, एक बूट उचलला, त्यातला चुना हातानं निपटून काढला. विचारलं, "हे कोनं केलं?"

सायत्रीनं माझ्याकडं पाहिलं. हंडा तसाच डोक्यावर. तिला सगळं कळलं होतं. बादली कोणी लवंडली तेसुद्धा. पण तिनं बोलायचं काय? सासऱ्याचे बूट मागच्या दारानं परक्या पुरुषाच्या हातात दिले म्हणून? तिच्यानं ते बोलवत नव्हतं. ते मीच बोलायला हवं होतं. ती वाट पाहत होती. किती वेळ? हंड्यातलं पाणी हिंदकळायचं थांबलं, तेवढा.

आणि मी तोंड उघडलं, बरं का. मुका राहिलो असतो तरी एक वेळ... पण माझं तोंड! मी म्हणालो, "मांजर, बुवा! मी आत्ताच दारातून पाह्यलं. ह्या एवढं मोठं बोक्या मांजर. खुंटीवर उडी मारली, बूट पाडले, बादलीत पडलं आन् बादली घेऊन लोळलं. पांढरं होऊन पयालं थे."

मला वाटलं, हसतील. मांजराला कोण घराबाहेर काढतं? मला वाटलं, मी तिला वाचवतोय. खरंच वाटलं का मला तसं? की तेव्हापासून मी स्वतःलाच तसं सांगत आलोय?

कोणी हसलं नाही. पार्सलची सोडली तर उभ्या जन्मात माझी ती एकच थाप लोकांनी खरी मानली. बुवा सुनेकडं वळला आणि हळूच म्हणाला, "चुन्याची बादली उघडी टाकून तू घर सोडून कायले गेलती?"

तिनं हंडा उतरवला. "चुकलं, मामाजी." बस. माझ्याकडं परत पाहिलंही नाही.

सातव्या माळेला नाटक झालं. मी पायांना, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, चुना फासला. लांबून लोकांना ते बूटच वाटले! टाळ्या पडल्या, "पार्सल आलं रे!" म्हणून शिट्ट्या पडल्या. रात्रभर पायांची आग होत होती. पुढं साल निघाली, टाचेला अजून वण आहेत. सायत्री नाटकाला नव्हती. तिला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती.

दसऱ्याला गाव शिवेकडं निघालं. पुढं कोणी नव्हतं. गुणाजीबुवाच्या घराचं दार लावलेलं. लोक सोनं द्यायला गेले, तर त्यानं आतूनच सांगितलं, तब्येत ठीक नाही. दसऱ्यानंतर बळीरामनं गाडी जुंपली आणि सायत्रीला तिच्या भावाकडं पोचवून आला. चार दिवस राहू दे, म्हणाला. चार दिवसांचे महिने झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरी केली. त्या दिवाळीला मला ओवाळायला कोणी नव्हतं. मी मोजून वांगी तोडली आणि मग आठवलं.

सांगायला गेलो होतो म्हणालो ना? बरीच वर्षं झाली होती. पारावर सगळे बसलेले, बुवाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बुवा, थे मांजर नव्हतंच. बुटाले चुना म्या लावला."

मग कोणीतरी म्हणालं, "मंग इतके दिवस मांजरानं तुह्यं नाव नाही सांगितलं का बे?" आणि पार हसण्यानं फुटला. गुणाजीबुवाही हसला. दसऱ्याला पुढं चालणं सोडल्यापासून त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. खोकला येईतो हसला, डोळे पुसले. "संपत्या, आता चांगली जमवली!"

मी शपथ घेऊ शकलो असतो. टाचा दाखवू शकलो असतो. मी काय केलं? मी म्हणालो, "मांजर कुठलं, बुवा, वाघ होता! चुन्यात पडला म्हणून पांढरा दिसला." ते आणखी हसले. आणि मला — सांगू का? — मला बरं वाटलं.

बुवा गेला. मी खांदा दिला. सायत्रीही आता नाही. पण ती असताना एकदा भेटली होती, मालेगावच्या बाजारात. भावाच्या मळ्यातली मेथी घेऊन बसली होती, केस पांढरे झालेले. मी पुढं निघून जाणार होतो, तिनंच हाक मारली. "दादा, बरे हा ना?" पोरंबाळं विचारली, मळा विचारला. मग म्हणाली, "थे नाटक मले पाहाले भेटलंच नाही. कसं झालं होतं?"

"चांगलं झालं."

"मंग पायात काय घातलं होतं?"

पहिल्यांदाच मी काही जोडलं नाही. "काही नाही. पायालेच चुना लावला होता."

"कोनाले समजलं नाही?"

"नाही. बूटच वाटले सगळ्याइले."

तिनं मेथीवर पाण्याचा हात मारला. जुड्या सारख्या केल्या. मग माझ्याकडं बघून, रागानं नव्हे, बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "मंग बूट कायले पाह्यजे होते, दादा?"

मी उभा होतो. तोंड उघडं होतं. तिनं फार वेळ वाट पाहिली नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं, ती त्याच्याकडं वळली.