शेवटचं वाक्य होईपर्यंत

वसुधाबाईंनी धाकूला पहिल्यांदा पाहिलं ते भांडणात, आणि भांडत होत्या त्या स्वतःच.

साल पंचावन्न. मुलुंडच्या पत्र्याच्या थिएटरात रविवारचा दुपारचा खेळ संपत आला होता. घरातून निघून गेलेला मुलगा पडद्यावर आईला भेटला, तशा बाई पायांनी चपला चाचपून उठल्या. गर्दी व्हायच्या आत निघावं, ही त्यांची नेहमीची पद्धत. डाव्या दाराशी आल्या, तर खाकी कोटातला एक पन्नाशीचा शिडशिडीत माणूस कडीवर हात ठेवून उभा.

“दार उघडा,” बाई म्हणाल्या.

“दोन मिनटां थांबा, बाई.”

“का म्हणून?”

“शेवटचा वाक्य ऱ्हवलाहा.”

“मला नाही ऐकायचं!”

“माका ऐकूचा आसा,” तो म्हणाला, आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

शाळेतल्या अठरा वर्षांच्या नोकरीत बाईंना कुणी असं गप्प केलं नव्हतं. त्या इतक्या संतापल्या, की पडद्यावर काय बोललं गेलं ते त्यांना ऐकूच आलं नाही. दिवे लागले, कडी निघाली, आणि तो माणूस अदबीनं म्हणाला, “आता जावा.”

बाईंच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अनंतराव टिपणीस राहत. ते सरकारी कचेरीत होते आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. नळाला पाणी कमी आलं तरी अर्ज, गल्लीतला दिवा गेला तरी अर्ज. धाकूनं त्यांनाही दोनदा अडवलं होतं. त्यांनी थिएटरच्या मॅनेजरला ठसठशीत अर्ज लिहिला. सात सह्या झाल्या. तिसरी सही वसुधाबाईंची, वळणदार, खाली रेघ ओढलेली.

पुढं महिन्याभरानं बाई पुन्हा त्याच थिएटरात गेल्या. मध्यंतरात बाहेर आल्या, तर धाकूभोवती बायकांचा घोळका.

“काय रे धाकू, शेवट कसा आहे?”

“सांगूचा नाय.”

“रडायचं आहे का, तेवढं तरी सांग मेल्या!”

“रुमाल आसा मा? मग बस झाला.”

बायका हसत पांगल्या. तेव्हा बाईंना कळलं ते असं. खेळ चालू असताना धाकूनं बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं, उशिरा येणाऱ्यांची तिकिटं पाहायची. शेवटाला दहा मिनिटं उरली की वरच्या केबिनमधून घंटी वाजायची, मग त्यानं आत येऊन दाराशी थांबायचं. अकरा वर्षं हेच चाललेलं. त्यामुळे धाकूनं शेकडो चित्रपटांचे शेवट पाहिले होते आणि सुरुवात एकाचीही पाहिली नव्हती. कोण कुणाचं, कशावरून बिनसलं, याचा त्याला पत्ता नसे. पण शेवटचं वाक्य मात्र एकेक पाठ.

“बाई,” त्यानं त्यांना ओळखलं होतं, “त्या दिवशीचा तुमचा ऱ्हवला. सांगू?”

बाईंना नाही म्हणवेना.

“मुलगो परत येता. मगे कामवाली अंगणातलो कंदील मालवूक जाता. तेव्हा आई म्हणता...” इथं धाकूची मालवणी गळून पडली आणि शब्द पडद्यावरचे तसेच आले, “‘असू दे गं. अजून कुणीतरी वाटेवर असेल.’”

बाई उभ्याच राहिल्या. त्यांच्या मते मुलगा आला तिथंच गोष्ट संपली होती.

“हा आताच सांगून ठेवतंय,” धाकू म्हणाला. “पुढच्या एक तारखेपासून माका सायकल स्टँडवर घातल्यानी. कुणीतरी अर्ज केलो. थंय पगार तोच, पण ऐकाक काय येवचा नाय.”

बाई तडक मॅनेजरच्या खोलीत गेल्या. मॅनेजर नंदकिशोर पाटकर माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा होता. त्यानं खणातून अर्ज काढला.

“ही सही तुमचीच ना, बाई?”

“हो. मी ती मागे घेते.”

“एक मागे घेतलीत तरी सहा उरतात. मी तरी काय करू?”

बाईंनी मुलांना पाटीवरचं चुकलेलं पुसायला शिकवलं होतं. कागदावर शाईनं केलेलं कसं पुसायचं, ते त्यांना सुचेना.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. धाकूचा दारावरचाही शेवटचा रविवार, म्हणून बाई मुद्दाम गेल्या. चित्रपट एका विधवा वहिनीचा होता. बांगड्या चोरल्याचा आळ घेऊन दीर तिला घराबाहेर काढतो. तिसरा आठवडा चालू होता आणि तरी थिएटर भरलेलं. चार रांगा पुढं अनंतरावही सहकुटुंब बसलेले.

तेव्हा एकच चित्रपट दोन थिएटरांत वाटून चालत असे. भांडुपला आधी सुरू व्हायचा. तिथं एक रीळ संपलं की सहदेव ते सायकलला बांधून मुलुंडला आणायचा. तीन आठवड्यांत तो एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी मात्र वहिनी घराच्या दिशेनं वळली, घंटी वाजली, धाकू आत आला, आणि पडदा पांढराफटक झाला.

शिट्ट्या सुरू झाल्या. खुर्च्या आपटू लागल्या.

“अरे, वहिनीला कुठं ठेवलीत रे?”

“पाटकर, वाट लागली तुमची!”

पाटकर घाम पुसत पुढं आला. “सहदेव फाटकावर अडकलाय हो! मालगाडी उभी आहे, तिला मी काय करू?” त्याचं कोण ऐकतो! मागची दोन बाकं उलटी झाली.

तेव्हा वसुधाबाई उठल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “शांत बसा! शेवट धाकूंना पाठ आहे. ते सांगतील.”

सगळ्या माना डाव्या दाराकडं वळल्या. धाकूनं कडी घट्ट धरली. “नको, बाई. आणि हयसर कोण ऱ्हवतला?”

“मी राहते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा हात बाजूला करून कडीवर स्वतःचा हात ठेवला.

धाकू पडद्यासमोर गेला. टोपी काढली, परत घातली.

“तर... ती पांढऱ्या लुगड्यातली बाय घराकडं येता. आत तिचो घोव चुलीकडं बसलोहा...”

“नवरा नाही रे! नवरा मेलाय तिचा!” बायकांतून ओरडा झाला.

“मेलो? मगे ह्यो कोण?”

“दीर! त्यानंच बाहेर काढलं तिला!”

धाकू थांबला. “आई शप्पत! तीन आठवडे मी तेका घोव समजतंय.” थिएटर खदखदून हसलं. पण धाकू हसला नाही, विचारात पडला होता. मग हळू सांगू लागला. घरात धूर झालेला आहे, पोरं उपाशी आहेत, दिराला आमटी जमत नाही. तो डबे उघडून बघतोय. वहिनी दारात उभी राहते. तो वर बघतो.

दाराशी कुणीतरी आलं. अनंतराव. “वसुधाबाई, उघडा पाहू. हे काय ऐकत बसायचं?”

“दोन मिनिटं थांबा,” बाई म्हणाल्या. “शेवटचं वाक्य राहिलंय.”

अनंतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, कडीवरच्या हाताकडं पाहिलं, आणि थांबले.

“ती गाठोडा खाली ठेवता,” धाकू सांगत होता. “पदर खोचता. आणि म्हणता, ‘सरका भाऊजी. मीठ खालच्या डब्यात असतं.’” 

पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजलेली ऐकू आली, इतकं सगळं शांत झालं.

“भाऊजी म्हणता, ता माका कधी ध्यानातच इला नाय,” धाकू स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “म्हणजे तिना तेका माफ केल्यान.”

पुढच्या रांगेतली एक म्हातारी नाक पुसू लागली. मग टाळ्या पडल्या. तेवढ्यात घामाघूम सहदेव रीळ घेऊन पोचला. लोकांनी तोच शेवट पुन्हा पाहिला, आणि वहिनीनं पदर खोचल्यावर सगळं थिएटर तिच्याबरोबर मिठाचं वाक्य बोललं. दिवे लागेपर्यंत एक माणूस उठला नाही.

बाहेर आल्यावर अनंतरावांनी खिशातून पेन काढलं. “मजकूर मी सांगतो, बाई. तुमचं अक्षर बरं आहे.”

“आणि पहिल्या अर्जाचं काय?”

“तो रद्द समजावा, असं पहिल्याच ओळीत घालू. हाय काय अन् नाय काय!”

व्हरांड्यातच एकावन्न सह्या झाल्या. पाटकरला मोठा कागद मिळाला, तेवढं त्याला पुरेसं होतं. सायकल स्टँड दुसऱ्याकडं गेला, धाकू दारावरच राहिला. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी उजवं दार उघडं ठेवायचं ठरलं, आणि तशी पाटी लागली. तिच्यावरचं अक्षर वसुधाबाईंचं आहे.

याला चार वर्षं झाली. बाई आता डाव्या दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. मध्ये धाकूला एकदा त्यांनी विचारलं, “रजा काढून एखादा चित्रपट सुरुवातीपासून बघा की.” तो म्हणाला, “बघूया.”

धाकू आता, खेळ आधी सुरू होतो त्या भांडुपलाच राहतो, दुपारच्या खेळाला चालत मुलुंडला येतो, आणि सुरुवातीपासून असा एकही चित्रपट त्यानं अजून पाहिलेला नाही.