डबा कुणी धरायचा

"हा यांच्याकडे द्या. यांचं घराणंच आहे यात."

प्रसाद हे मराठीत बोलला. हसत बोलला. समोर जुन्या काळचा कोट आणि बूट घातलेला गोरा गाइड उभा होता. त्याच्या हातात पत्र्याचा डबा. त्याला काही कळलं नाही. पण आमच्यातले हसल्यावर तोही हसला आणि डबा माझ्यापुढे धरला.

सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव तिथे पर्यटकांसाठी पुन्हा उभं केलंय. लोहार, बेकरी, घोडागाड्या. क्रेगीबर्न या आमच्या उपनगरातली आम्ही काही मराठी कुटुंबं मुलांना घेऊन गेलो होतो. बायकांनी लांब झग्यांत फोटो काढले. पुरुषांनी चाळणीत माती घोळली. मग गाइड आम्हाला घरांच्या मागच्या बोळात घेऊन गेला.

तिथे डबा संडास होते. गाइड सांगत होता, रात्री एक माणूस यायचा आणि भरलेले डबे खांद्यावरून न्यायचा. गावात कुणी त्याच्या शेजारी बसत नसे. मग त्याने विचारलं, रिकामा डबा धरून दाखवायला कोण येतंय?

तेव्हा प्रसाद ते बोलला.

त्याला माहीत होतं. गणपतीत त्याने आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. मी सरळ सांगितलं होतं. माझा आजा नगरपालिकेत मैला वाहायचा. डोक्यावरून. पावसाळ्यात पाटी गळायची, आणि ते त्याच्या मानेवरून खाली उतरायचं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कोण येतंय म्हणून. जन्मानेच नेमला होता.

माझी मुलगी माझा हात ओढत होती. "बाबा, व्हॉट डिड अंकल से?"

बायकोने हळूच दंडाला धरलं. सोडून दे, असा तो स्पर्श. तो मला पाठ आहे. कॉलेजात सोडून दिलं. पुण्यात घरमालकाने आडनाव ऐकून खोली नाकारली, सोडून दिलं. वाटलं होतं, विमानात बसलो की संपेल.

मी हात पुढे केला नाही.

गाइडने विचारलं, "यू ओके, मेट?"

"नाही," मी म्हणालो. आणि प्रसादचं वाक्य त्याला इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. वर हेही सांगितलं, की माझा आजा हे काम जातीमुळे करायचा, आणि या माणसाला ते माहीत आहे. मोठ्याने सांगितलं. मुलीला ऐकू जावं म्हणून.

कुणी हसलं नाही. प्रसादचा चेहरा उतरला. तो मराठीतच म्हणाला, "अरे, जोक होता. यांच्यासमोर कशाला?"

यांच्यासमोर कशाला. म्हणजे आपल्या लोकांत चाललं असतं. माझ्या मुलीसमोर चाललं असतं. गोऱ्यासमोर मात्र लाज वाटली. तीही स्वतःची.

गाइडने डबा खाली ठेवला, घसा खाकरला आणि सगळ्यांना बेकरीकडे नेलं. ज्यांच्या घरी मी जेवलो होतो, ज्यांनी घर बदललं तेव्हा सामान उचलायला गेलो होतो, त्यांतलं एकही माणूस माझ्यापाशी थांबलं नाही.

संध्याकाळी प्रसादच्या बायकोचा फोन आला. मुलांची रविवारची मराठी शाळा तीच चालवते. "तू वातावरण खराब केलंस," ती म्हणाली. "ग्रुपवर सॉरी लिही. नाहीतर मुलीला काही दिवस पाठवू नकोस. तिलाच ऑकवर्ड होईल."

बायको म्हणाली, लिहून टाक. मी लिहिलं नाही. मुलीला समोर बसवलं आणि पणजोबा काय वाहायचे ते सांगितलं. कुणी वाहायला लावलं तेही. ती रडली. मी तिचे डोळे पुसले नाहीत. रडू दिलं.

रविवारी तिला शाळेत नेणार आहे. पहिल्या बाकावर बसवणार आहे. मराठी त्यांच्या बापाची नाही. माझ्या आज्याने याच भाषेत शिव्या खाल्ल्या आणि याच भाषेत माझ्या बापाला शिक म्हणून सांगितलं. दार अडवलं, तर दारात उभा राहीन. आणि यापुढे कुणाला आडनावावरून अंदाज बांधायची तसदी देणार नाही. जात मीच सांगेन. मराठीत आणि इंग्रजीत.