नळापाशी वीस सेकंद

१२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ०५३०. वॉर्डाबाहेरच्या कडुलिंबाखाली हजर: सुभेदार देवरावसाहेब, राहणार काटोल, रक्तदाब आणि साखर. नाईक दिलीप, ड्रायव्हर, राहणार उमरेड, डोक्याला जुना मार. आणि मी, हवालदार, स्टोअरकीपर, राहणार नागपूर, मणक्याच्या दोन चकत्या सरकलेल्या. गैरहजर कोणी नाही.

तिघेही मेडिकल बोर्डाची वाट पाहत होतो. बोर्ड म्हणजे डॉक्टरांची समिती. माणूस फौजेत राहील की घरी जाईल, ते ती ठरवते. माझी बावीस वर्षं झाली होती. तारीख कधी लागेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्या दिवसांत मी नोटीस बोर्ड दिवसातून आठ वेळा वाचायचो, त्यावर कालचेच कागद असत. बायकोचा फोन आला की तो वाजू द्यायचो, कारण ती विचारणार, "काही कळलं का?"

यावर मला एकच उपाय येतो. मी याद्या करतो. दुसऱ्याच दिवशी आमच्या तिघांचं टाइमटेबल वॉर्डाच्या खिडकीला चिकटवलं. ०५३० फॉल-इन, म्हणजे हजेरी. ०६०० फेऱ्या. ०६३० आंघोळ. आणि संध्याकाळी १६०० वाजता रिहर्सल. प्रमोशनच्या कोर्सला पाठवण्याआधी पोरांची जशी घोटून तयारी करून घेतात, तशीच बोर्डाची. मी उलट्या बादलीवर बसायचो आणि बोर्डाचा प्रेसिडेंट व्हायचो. समोर सावधानमध्ये दिलीप.

"झोप?"

"फर्स्ट क्लास, सर."

"डोकं दुखतं?"

"नाही, सर."

"चक्कर?"

"... नाही, सर."

"थांबला. डॉक्टर तिथंच पकडतात. पुन्हा."

देवरावसाहेब कठड्यावर बसून संत्रं सोलत म्हणाले, "हवालदार, त्याची बीमारी तपासून राहिला का किट इन्स्पेक्शन करून राहिला गा?"

आम्ही हसलो. त्या अर्ध्या तासात मी नोटीस बोर्डाकडे फिरकत नसे. म्हणून रिहर्सल रोज झाली.

साहेबांना घरी जायचंच होतं, त्यांची बाग होती. दिलीपला राहायचं होतं. त्याला सहा महिन्यांची लो कॅटेगरी, म्हणजे फक्त हलकं काम, मिळाली होती, आता फेरतपासणी होती. तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या होत्या.

"मले घरी पाठवलं तं मी करू काय, उस्ताद?" तो मला म्हणायचा. "गाडीशिवाय मले काई येत नाही. मागावर बसलो तं बाप दोन दिवसांत उठवून देईन."

त्याचे वडील हातमागावर लुगडी विणत.

गुरुवारी, ०६४० वाजता, आम्ही दोघं नळावर होतो. दिलीपचा मग भरला आणि वाहू लागला. त्याने नळ बंद केला नाही. मी म्हणालो, "नळ बंद कर." तो समोर भिंतीकडे पाहत होता. डोळे उघडे. मी नाव घेऊन ओरडलो. ऐकू गेलं नाही. सवयीने माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. वीस सेकंद. त्यानंतर त्याच्या हातातून मग पडला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं उस्ताद?"

"तूच सांग काय झालं. काहून गप झाला होता?"

"लक्ष नव्हतं."

"पहिल्यांदा?"

त्याने वाकून मग उचलला.

"तिसऱ्यांदा. उस्ताद, कोणाले सांगू नका. हात जोडतो."

नर्सिंग ऑफिसरचं टेबल तिथून तीस पावलांवर होतं. मी निघालो. बारा-पंधरा पावलं गेलो आणि थांबलो. एका वाक्याने त्याची नोकरी जाणार होती, आणि नोकरी जाण्याच्या भीतीने मी स्वतः महिनाभर नीट जेवलो नव्हतो. मी परत फिरलो. माझं काम रिपोर्ट करण्याचं होतं. ते मी केलं नाही.

त्या संध्याकाळी रिहर्सल घेतली.

"चक्कर?"

"नाही, सर."

यावेळी तो थांबला नाही. मी "शाबास" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बोर्ड झालं. डॉक्टरांचा काही दोष नाही. दिलीप बाहेर येऊन म्हणाला की तेच प्रश्न त्यांनी दोनदा विचारले, शांतपणे विचारले. माझा आजार एमआरआयवर दिसत होता, मला घरी पाठवलं. साहेबांनाही. दिलीपचा आजार, ती काही सेकंद हरपणारी शुद्ध, फक्त त्याच्या तोंडून कळला असता. तो फिट ठरला. त्याने माझे पाय धरले आणि युनिटला गेला. युनिट पहाडात होतं.

जुलैमध्ये देवरावसाहेबांचा फोन आला. "दिलीप गेला. गाडी दरीत गेली." एवढंच म्हणाले. नळावरचं त्यांना ठाऊक नव्हतं.

को-ड्रायव्हर वाचला होता. गाडी उलटण्याआधी तो बाहेर फेकला गेला. नंतर मी त्याच्याशी फोनवर बोललो. हवा स्वच्छ होती, वेळ सकाळी दहाची. "मी ओरडलो, हवालदारसाहेब. तो समोर पाहत होता. डोळे उघडे होते. स्टिअरिंग वळवलंच नाही." कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, गाडीचे ब्रेक ठीक निघाले. ड्रायव्हरला डुलकी लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून दुसरा निघूच शकत नव्हता.

तेराव्याला मी आणि साहेब उमरेडला गेलो. वडिलांनी मला बाजूला बसवलं.

"लोक म्हणतात, झोपला. कोणी म्हणते, पिऊन असन. माह्या पोरानं कधी थेंब घेतला नाही, उस्ताद. तुम्ही त्याच्यासंग होते. त्याले काई त्रास होता का?"

मी म्हणालो, "नव्हता, काका."

त्यांनी मान हलवली. "मंग झोपलाच असन," म्हणाले.

नाईक दिलीप. वय अठ्ठावीस. घाटात उतरताना हॉर्न दोनदा वाजवायचा, एकदा समोरच्यासाठी आणि एकदा देवासाठी, असं तोच सांगायचा. झोपेनं गेला नाही, दारूनं गेला नाही. त्याला आजार होता, आणि तो लपवायचा कसा हे मी त्याला रोज १६०० वाजता शिकवलं.

हे सगळं मी कागदावर उतरवलं. एक प्रत त्याच्या युनिटला पाठवली, पोच आली. दुसरी प्रत वडिलांची आहे. पण मागावर बसून त्यांची नजर गेली आहे, कागद दिला तरी त्यांना वाचता येणार नाही. कोणाला तरी समोर बसून तो मोठ्याने वाचावा लागेल, आणि ते काम दुसऱ्या कोणाला देण्यासारखं नाही. तीन वेळा स्टँडवर गेलो. तिन्ही वेळा उमरेडची गाडी लागलेली होती. प्रत माझ्याकडेच आहे.