बोरगावचं एक एकर चोपण

मातीपरीक्षणाची नोकरी म्हटली की लोकांना काचेच्या नळ्या आठवतात. माझ्याकडं साठलीत ती माणसं, आणि त्यातली निम्मी जागा एकट्या बोरगावच्या आप्पांनी अडवलीय. उसाला पाणी पाजून पाजून त्यांचं एक एकर चोपण झालेलं, म्हणजे खारवट, वर क्षारांचा पांढरा थर. वैरण विकतची. "औंदा वैरण न्हाय झाली तर म्हशी इकायच्या," असं त्यांनी बायकोला, आक्कांना, सांगून टाकलेलं. तिन्ही म्हशींवर आक्कांचा जीव.

*

आप्पा नमुना घेऊन बेळगावला माझ्या प्रयोगशाळेत आले. स्टीलच्या डब्यात, चाळणीनं चाळलेली माती. तपासली तर एकदम उत्तम! मी चक्रावलो.

"आप्पा, ही चोपणातली?"

"न्हाय ओ साहेब. तसली घाण हापिसात कशी आणायची? ही हिरीजवळची."

म्हणजे आजारी माणूस घरी ठेवून डॉक्टरला शेजारी दाखवला. चोपणातली माती आणायला परत पाठवलं.

*

मग चोपण सुधारायला जिप्समची पांढरी भुकटी टाकायला सांगितलं. पंधरा दिवसांनी गेलो, तर पोती गोठ्यातच.

"रान आधीच पांढरं. त्यात आणि पांढरं टाकलं तर गाव हसंल की!"

शेवटी गाव जेवायला गेल्यावर, भरदुपारी त्यांनी ते विस्कटलं आणि मातीत मिसळलं.

*

त्यावर हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. फुलोऱ्यात आला की नांगरून गाडायचा, म्हणून बजावलं होतं. आदल्या दिवशी आक्कांनी विळा घेऊन निम्मं रान कापलं आणि म्हशींना घातलं.

"हिरवंगार पीक मातीत घालायचं, आणि म्हशींनी बघत बसायचं व्हय?" आक्का मलाच विचारत होत्या.

*

पुढं खारवट रानातही येणारं वैरणीचं पॅरा गवत लावलं. गाडलेल्या निम्म्यात कमरेएवढं, कापलेल्या निम्म्यात बोटभर. ते बोटभर बघून आप्पांनी हाय खाल्ली आणि म्हशींच्या व्यापाऱ्याला शब्द दिला.

तो टेम्पो घेऊन आला त्या दिवशी मी तिथंच होतो. आक्कांनी आम्हाला चहा दिला आणि विळा घेऊन रानात गेल्या. आप्पा खाली मान घालून बसलेले. मला फार वाईट वाटलं.

आक्का डोक्यावर त्या कमरेएवढ्या गवताचा भारा घेऊन आल्या. गोठ्याकडं वळल्या नाहीत. भारा सरळ टेम्पोत टाकला.

"लांबनं आलायसा," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "मोकळ्या हातानं जाऊ नका. आमच्या म्हशींना पुरून उरतंय. तुमच्या घरच्या म्हशींना व्हईल."

व्यापाऱ्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा उठले, टेम्पोत चढले आणि भाऱ्याची दोरी आवळून बांधली.