पातेऱ्यातला मका बघायला नाट्याहून खेड

रविवारी बाबा भाताच्या कुणग्यातला पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि पेंढा जाळून पॉवर टिलर फिरवणार होते, उन्हाळी मक्यासाठी. मी म्हणालो, "जाळू नका. खेडचे काका तो जमिनीवर तसाच पसरून मका लावतात."

"मग आकडे आण. शनिवारपर्यंत," बाबा म्हणाले.

शुक्रवारी पहाटे निघालो. पिशवीत वही, ताणकाटा, टेप आणि दोन पेनं, एक बंद पडलं तर म्हणून. नाट्याहून राजापूर, तिथून खेडची एसटी. खिडकी धरू नका. हातखंब्यानंतर रस्त्याचं काम आहे, धूळ खाल. वडापाव हातखंब्यालाच खा, पुढे गाडी थांबेल याची खात्री नाही. (मी कंडक्टरला तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने फक्त बघितलं.) खेड स्टँडवरून गावात रिक्षा मिळते.

काकूंनी आल्या आल्या उकडलेली दोन कणसं पुढे ठेवली. खाल्ली आणि शेतात गेलो. अर्धा मका नांगरून लावलेला, अर्धा पातेऱ्यात. पातेऱ्यातल्या भागाला काका आठ दिवसांनी पाणी देतात, नांगरलेल्याला चार दिवसांनी. मी दोन्हीकडच्या सारख्याच सऱ्या मोजल्या. नांगरलेल्यात एकशे चाळीस कणसं. पातेऱ्यात एकशे बारा.

परत मोजली. एकशे बाराच. मला बाबांची काडेपेटी दिसू लागली.

"माकडं रे! महिनाभर बेचकी घेऊन बसलोय," काका म्हणाले.

पण पातेऱ्यात छत्तीस ताटांवरची कणसं मोडलेली होती, तीही अलगद, देठापासून. माकड एवढं नीट मोडत नाही. मी घरी येऊन विचारलं.

"मीच नेलीत," काकू म्हणाल्या. "ग्रामदेवीला पाच, गुरवाला पाच, शेजारी, मुंबईचे पाहुणे."

"सगळी एकाच बाजूची?"

"मग? त्या बाजूला चिखल नाय. पाय मळत नायत."

काका बेचकीकडे बघत राहिले. "आणि मी महिनाभर उन्हात!"

"मी म्हटलं, तुम्हाला हौस आहे."

दिलेलं प्रत्येक कणीस काकूंनी दुधाच्या कॅलेंडरवर लिहिलं होतं. कोणाच्या घरून परत काय यायचं, ते लक्षात राहावं म्हणून. बेरीज छत्तीस. शेवटची दोन माझ्या नावावर. म्हणजे पुरावा मीच खाल्ला होता. एकशे बारा आणि छत्तीस, एकशे अठ्ठेचाळीस! निम्म्या पाण्यात, आणि टिलरचं भाडं शून्य.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी वही दोनदा वाचली. "आठ कणसांसाठी खेडला गेलास?"

"आणि पाणी? आणि टिलर?"

आई आतून म्हणाली, "पाय मळत नाहीत, असं म्हणाली ना ती?"

रविवारी अर्धाच पातेरा जळला. उरलेल्या अर्ध्यात माझा मका उगवलाय. आमच्या घरच्या कॅलेंडरला मी दोरीने पेन्सिल बांधली आणि आईला बजावलं, कणसं देशील ती दोन्ही बाजूंची सारखी दे, नाहीतर हिशेब चुकतो.

"हिशेब तुझा," आई म्हणाली. "पाय माझे."