दोन बोटं, चार बोटं

फोन आला तेव्हा मी मये गावातल्या माझ्या घरी चहात पाव बुडवत होतो. पलीकडे माझ्या मित्राची, पुंडलिकची बायको, शेवंतीवहिनी होत्या. "भावजी, हे गेले. पाववाल्या पोदेराचो भोंपू वाजलो तरी उठले नाय म्हणान बघूक गेलंय, तर हात थंड..." आणि मी एक अत्यंत मूर्ख प्रश्न विचारला. "कुठला हात?" दोन वर्षांपूर्वी लकव्यानं पुंडलिकचा उजवा हात गेला होता आणि तो तसाही नेहमी गारच असायचा. वहिनी म्हणाल्या, "डावो." मग मात्र मी हातातला पाव बशीत ठेवला.

त्याच्या आदल्याच रविवारी मी पुंडलिकच्या गावी, पार्स्याला जाऊन आलो होतो. लकव्यानंतर त्याची जीभ जड झाली होती, पण निघताना विचारायचा तो प्रश्न त्यानं विचारलाच. "किती रे?" मी चपला घालता घालता म्हणालो, "दोन." त्यानं मान हलवली, डाव्या हातानं माझं मनगट थोपटलं, आणि मग तोच हात सवयीनं आपल्या विजारीच्या डाव्या खिशावर दोनदा आपटला. हे आमचं गेली तीन वर्षं दर रविवारी चाललेलं होतं. त्या दोन शब्दांत काय होतं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. लिहायला बसून आज पाच आठवडे झाले, आणि चार वेळा कागद फाडून झाले आहेत.

पुंडलिक आणि मी डिचोलीला आयटीआयच्या दिवसांपासूनचे मित्र. पुढे मी खाणीवर सर्वेअर म्हणून लागलो आणि खाणी बंद पडेपर्यंत डोंगर कसे कमी होतात ते मोजत राहिलो. तो घाटावर, एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रात, विमानांचा मेकॅनिक झाला. गावात त्याचा भलता रुबाब होता. सुटीवर आला की लोक त्याला विमानातल्या जेवणाबद्दल विचारायचे, आणि तो बिचारा सांगायचा की आमच्या विमानात दोनच माणसं बसतात आणि डबा घरून न्यावा लागतो. मग एका वर्षी तो सुटी नसताना आला आणि परत गेलाच नाही. वडिलांच्या काजूच्या बागेत राबू लागला. का सोडलीस, असं मी एकदा विचारलं. "पुरे झाला," एवढंच म्हणाला. मी पुढे विचारलं नाही... मित्रानं विचारायला हवं होतं, हे आता कळतं.

विमानांच्या किटचा नाद त्याला त्यानंतर लागला. परदेशी बनावटीची, खऱ्या विमानाच्या चोवीस पट लहान, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची ती किट तो मुंबईच्या एका दुकानातून मागवायचा. एकेक विमान हातभर रुंद. काजूच्या बिया साठवायच्या खोलीत जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, त्यानं मेज मांडलं होतं. त्या खोलीत काजू आणि रंगाचा असा काही मिसळलेला वास असायचा की तासाभरानं माझं डोकं भणभणायचं. गावातली माणसं म्हणत, पोरंबाळं नाहीत म्हणून खेळण्यात जीव रमवतो. मलाही आधी तसंच वाटलं. पण खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते ह्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. डबा उघडला की पहिला आठवडा तो काहीच जोडायचा नाही. नुसता मापं घ्यायचा, वही भरायचा आणि चिडायचा. पंखांचा चढ अर्धा अंश जास्त. काचेची कमान चपटी. अंगावरचे खिळे एवढे ठळक, की विमानाला घामोळं आल्यासारखं दिसतं. आणि सगळ्यात मोठा राग पुढच्या चाकाच्या दांड्यावर. ह्या दांड्यात हवा आणि तेल भरलेलं असतं, विमान जमिनीवर उभं राहिलं की वजनानं तो दबतो आणि त्याचा चकचकीत भाग थोडासाच बाहेर राहतो. किटमध्ये मात्र तो हटकून लांब. "ह्यांनी विमान कधी जमनीर बघूकच नाय," पुंडलिक म्हणायचा. "सगळी हवेत लटकलेली."

हा बाहेर राहिलेला चकचकीत भाग मेकॅनिक बोटांनी मोजतात. आडवी बोटं लावायची... दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं. एवढंच त्याचं माप.

त्यानं सात किट जोडली, आणि सातही एकाच जातीच्या विमानाची. तेच छोटं, खाली पंख असलेलं शिकाऊ विमान, तोच पांढरा रंग, त्याच शेपटीवर तोच क्रमांक. मी सर्वेअर माणूस, आयुष्यभर बारीक बघत आलो, पण हे मला चौथ्या विमानाला लक्षात आलं. पुढे मोप्याच्या पठारावर विमानतळ झाला आणि ज्या माणसानं विमानांपासून पळून गाव गाठलं, त्याच्याच कौलांवरून विमानं जाऊ लागली. तो कधी मान वर करायचा नाही. मेजावर वाकूनच म्हणायचा, "चाकां खाली आयली," आणि मी बाहेर येऊन बघावं तर खरंच चाकं खाली आलेली असायची.

सातवं विमान चालू होतं तेव्हा, एका रविवारी दुपारी, त्यानं मला सगळं सांगितलं. वेग मोजणारी एक नळी डाव्या पंखाखाली असते. धूळ, किडे जाऊ नयेत म्हणून तिच्यावर लाल रेक्झिनची टोपी चढवतात, अंगठ्याएवढी. टोपीला लांब लाल फीत असते, म्हणजे ती विसरायला होत नाही. उड्डाणाआधी मेकॅनिक विमानाला फेरी घालतो, टोपी काढून खिशात टाकतो, आणि शेवटी खिशावर हात मारून बघतो. टोपी लागली की विमान सुटायला मोकळं. पुंडलिकचा खिसा डावा. त्या सकाळी दोन विमानं जायची होती. पहिल्याची टोपी त्यानं काढली, खिशात टाकली, आणि ती फळीवर टांगायची राहिली. दुसऱ्याची फेरी चालू असताना कुणी तरी हाक मारली, तो गेला, परत आला, खिशावर हात मारला. टोपी हाताला लागली. दुसऱ्या टोपीची फीत आदल्याच दिवशी तुटली होती. मग त्यानं पुढच्या चाकाशी उकिडवं बसून खालचा लाकडी ठोकळा ओढून काढला आणि अंगठा वर केला. आत एकवीस वर्षांची मुलगी होती, एकटी. ती त्याला रोज म्हणायची तसंच म्हणाली, "काका, येते."

विमान उचललं गेलं, पण वेगाचा काटा हललाच नाही. ती घाबरली असावी. परत वळताना विमान तिरकं होऊन धावपट्टीच्या पलीकडे पडलं... पुंडलिक धावत पोचला तेव्हा टोपी नळीवर जशीच्या तशी होती. चौकशीत ठरलं की वैमानिकानंही फेरी घालून बघायला हवं होतं, चूक दोघांची. त्याला शिक्षा झाली नाही. तिची आई आली होती, तिनं त्याला पाणी हवं का, असं विचारलं. त्यानं सांगितलेल्यातली ही एक गोष्ट मला अजून सहन होत नाही.

"दिसत नव्हता आणि बघूक नाय, हेच्यात फरक आसा, उल्हास," तो म्हणाला. ठोकळा काढताना तो उजवीकडून, नाकाखालून, डाव्या पंखाकडे तोंड करून बसला होता. त्याच्या डोळ्यांची उंची आणि विमानाच्या पोटाची उंची जवळजवळ सारखी. दांडा दबलेला, दोन बोटं असेल, तर नाक खाली येतं आणि नळी झाकली जाते. मग चूक खिशाची. दांडा चार बोटं असेल, तर नाकाखालून टोपी समोर दिसते. मग तिच्याकडे बघत बघत त्यानं ती मुलगी पाठवली. पंधरा वर्षं तो माणूस त्या खोलीत बसून हे शोधत होता. किटचं प्रत्येक माप खरं करायचं, आणि मग उकिडव्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर पत्र्याची पट्टी उभी करून तिच्या भोकातून बघायचं. "हय डोळो लाव," तो मला म्हणाला. मी लावला. किट होतं तसं, लांब दांड्याचं होतं, आणि नाकाखाली तांदळाच्या कणीएवढा लाल ठिपका स्पष्ट दिसत होता. किट चुकीचं असावं, ह्यावर त्या माणसाचा सगळा जीव टांगलेला होता.

मग त्यानं पाकिटातून एक फोटो काढला. त्याच सकाळी, कुणा सोबतच्या विद्यार्थ्यानं घेतलेला. ती मुलगी विमानाच्या नाकाशी हसत उभी आहे, आणि तिच्या गुडघ्याशी तो दांडा. "माझ्या डोळ्यांचो माका भरवसो नाय," पुंडलिक म्हणाला. "ते माका होया ताच बघतले. तू माप." मी फोटो मयेला आणला. भिंग घेतलं, चाकाचा व्यास ठाऊक होता, त्यावरून हिशेब मांडला. तीनदा मांडला. दांडा चार बोटं होता, फार तर धागाभर कमी. त्यात नवल नव्हतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात त्यानंच त्यात हवा भरली होती, त्या दुपारी ओघात तसं बोलूनही गेला होता, पण हिशेबात धरायला विसरला होता. सात किटमधली सगळी चुकलेली मापं त्यानं शोधली, आणि ज्या एका मापानं त्याला सुटायचं होतं ते नेमकं किटवाल्यांनी बरोबर दिलं होतं.

पुढच्या रविवारी फोटो परत द्यायला मी गेलो तेव्हा तो दारातच उभा होता. दाढी वाढलेली. वहिनी मागून खूण करून सांगत होत्या की जेवत नाही. "किती रे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "दोन."

आयुष्यात मी मापाबाबत खोटं बोललो ते एवढंच. खाणीवर मालकाच्या माणसांनी डोळे वटारले तरी कधी आकडा फिरवला नव्हता. पुंडलिक मेजाशी गेला, दांडा दीड मिलिमीटर कापला, विमान परत उभं केलं आणि भोकाला डोळा लावला. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मग म्हणाला, "दिसणा नाय," आणि जमिनीवर बसून रडला. त्या दिवशी आम्ही तिघं एकत्र जेवलो. नंतर त्यानं किट मागवलं नाही. दर रविवारी मात्र विचारायचा, आणि मी सांगायचो. मला वाटायचं, बरं केलं आपण. खरं सांगायचं तर मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा.

बाराव्याला गर्दी होती. मी पुन्हा गेलो तो तीन आठवड्यांनी. वहिनींनी खोली उघडून दिली, जनेल उघडलं. सातवं विमान मेजावर तसंच होतं, समोर पट्टी. मी सवयीनं वाकलो आणि डोळा लावला.

लाल ठिपका दिसत होता.

मला आधी वाटलं, कुणी तरी धक्का लावला असेल. मग भिंग मागून घेतलं. दांड्याला दीड मिलिमीटरचा तुकडा परत जोडलेला होता, इतक्या सफाईनं की सांधा नखाला लागत नव्हता. असा तुकडा जोडायला दोन्ही हात लागतात. म्हणजे हे लकव्याच्या आधीचं. म्हणजे निदान दोन वर्षं त्याला ठाऊक होतं की मी खोटं बोललो, आणि तरी तो दर रविवारी विचारत होता, आणि मी शहाण्यासारखा "दोन" म्हणत होतो... मी तिथल्याच काजूच्या पोत्यावर बसलो.

वहिनी दारात होत्या. पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती. "वहिनी, टोपी दिसते हो," मी म्हणालो. "त्याला दिसली असणार. मी त्याला चुकीचं माप दिलं होतं."

"माका म्हायत आसा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते तो तुकडो जोडी होते तेव्हा बॅटरी मीच धरलेली. फोटो परत काढलो, भिंग लायला, आणि माका म्हणाले, चार आसत. मी म्हटलंय, भावजींका विचारा. तर म्हणाले, नको, उल्हासाक सांगू नको. तेका वायट वाटतला."

मी विचारलं, "मग तो दर रविवारी मला का विचारायचा?" वहिनींनी पदरानं विमानाच्या पंखावरची धूळ पुसली. "तुमी 'दोन' म्हणलात की तुमका बरा वाटायचा," त्या म्हणाल्या. "तोंडार दिसायचा तुमच्या."

ते विमान आता माझ्याकडे, मयेला आहे. वहिनींनीच दिलं. पट्टीही आणली आहे, पण तिला अजून डोळा लावलेला नाही. रविवारी संध्याकाळी, पार्स्याहून निघायची माझी जी वेळ होती त्या वेळेला, मी मेजाशी जातो. दांड्याला बोट लावत नाही, नुसता बघतो. "किती रे?" असं कुणी विचारत नाही. मी सांगतो.

"चार, पुंडलिक. चार बोटं."